समुद्रपुष्पपालन, लहान खाऱ्या टाकीतील

समुद्रपुष्प किंवा ॲनिमोन हा निडारिया संघातील, प्रवाळ व जेलीफिश यांच्या नात्यातला मांसाहारी सागरी प्राणी असून, घरातल्या ५० ते १०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो दीर्घकाळ जगवणे हा मत्स्यालयाच्या छंदाचा एक अवघड भाग समजला जातो. सुमारे ५६० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेल्या पुण्यात हा छंद जोपासणाऱ्याला समुद्राचे पाणी स्वतःच तयार करावे लागते, आणि येथील खरी अडचण मिठाची नसून गोड्या पाण्याची व उन्हाळ्याची आहे.

हा प्राणी किती जगू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून आणलेले ‘ग्रॅनी’ नावाचे समुद्रपुष्प साध्या काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत, म्हणजे डॅलिएल यांच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे, जगले. ते थंड पाण्यातले होते, त्याला दिवे वा पंप लागत नव्हते. मात्र ताजे समुद्रजल वेळोवेळी मिळत होते. टाकीत पाळली जाणारी उष्णकटिबंधीय समुद्रपुष्पे निराळी आहेत. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने यजमानाला अन्न पुरवते, त्यामुळे त्यांना दररोज आठ ते दहा तास प्रखर एलईडी प्रकाश द्यावा लागतो.

पाण्यासाठी दिवेआगर किंवा हर्णैहून कॅन भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात खाड्यांच्या पाण्याने त्याची क्षारता उतरते, म्हणून कृत्रिम सागरी मिठाचे मिश्रण अधिक भरवशाचे ठरते. दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम मिश्रण विरघळवून रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक पुरेशा प्रमाणात नसतात. महापालिकेचे खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी क्लोरीनयुक्त असते, तर उपनगरांतील सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येते. दोन्ही थेट वापरण्याजोगी नाहीत. स्वयंपाकघरातील आरओ यंत्रही पुष्कळदा पुरेसे पडत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते. आरओनंतर डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचे) नळकांडे जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, शून्याच्या जवळ आणणे हा खात्रीचा मार्ग होय. या प्रक्रियेत प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते, आणि पाणीकपातीच्या दिवसांत ते बादलीत धरून फरशी पुसण्यास वापरणे शहाणपणाचे असते.

उन्हाळा हा पुण्यातील टाकीचा कसोटीचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत शहराचे तापमान ४० अंशांपर्यंत चढते, तर समुद्रपुष्पाला २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवतात. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, महाग असल्याने बहुतेक जण पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावतात. पुण्याची उन्हाळी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, हे मुंबईच्या दमट हवेत तितके साधत नाही. मात्र वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. साठ लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर उडाले, तर तीन दिवसांत क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ भाग प्रतिसहस्र होते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाणाऱ्याने गोडे पाणी आपोआप सोडणारे उपकरण बसवावे, अथवा शेजाऱ्याला रेषेपर्यंत फक्त गोडे पाणी भरण्यास निक्षून सांगावे. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड असतात, तेव्हा हीटर लागतो; वीज गेल्यास बॅटरीवरचा हवेचा पंप उपयोगी पडतो.

नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, पण एवढ्यावर समुद्रपुष्प आणणे हा उतावीळपणा ठरतो. त्यानंतरही किमान सहा महिने टाकी स्थिर राहू द्यावी. माशांच्या औषधांतील तांबे त्याला मारक असल्याने अशी औषधे त्या टाकीत घालू नयेत.

लहान टाकीसाठी एंटाक्मिया क्वाड्रिकलर ही फुगीर टोकांच्या शुंडकांची (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांची) जात त्यातल्या त्यात योग्य होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आढळणारे स्टायकोडॅक्टिला हॅडोनी अर्धा मीटर व त्याहून अधिक पसरते, त्यामुळे ते टाळावे. विकत घेताना तोंड घट्ट मिटलेले व तळपाय, म्हणजे खडकाला चिकटणारा खालचा भाग, न फाटलेला असावा. पांढरेशुभ्र दिसणारे समुद्रपुष्प शैवाल गमावलेले असते आणि भडक पिवळे वा निळे पुष्कळदा रंगवलेले असते. सौंदर्य म्हणून विकले जाणारे हे प्रत्यक्षात आजारपण असते.

टाकीत सोडल्यावर समुद्रपुष्प आपली जागा स्वतः निवडते. तळपाय एका कडेने सुटतो, पुढे सरकून पुन्हा चिकटतो, आणि सकाळी ते खडकाच्या पलीकडे आढळते. या भटकंतीत ते पंपात ओढले जाऊन चिरडले, तर काही तासांत सगळे पाणी नासते. त्यामुळे पंपाच्या तोंडाला स्पंजचे आवरण आधीच घालावे. अधूनमधून ते मुठीएवढे आक्रसते व तोंडातून तपकिरी चिकट धागे बाहेर टाकते, कारण त्याला अन्न घेण्यास व मल टाकण्यास एकच द्वार असते. नवखे पालक येथे विनाकारण घाबरतात. आठवड्यातून एकदा-दोनदा मटाराएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातली कोळंबी चालते, अर्थात हळद-मीठ लावण्यापूर्वीची.

निसर्गात समुद्रपुष्पाच्या शुंडकांत आश्रयाने राहणाऱ्या क्लाउनफिश या माशाला टाकीत समुद्रपुष्पाची गरज नसते. ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस ही क्लाउनफिशची जात निसर्गात एंटाक्मियासोबत राहत नाही, तरी टाकीत बहुधा त्याचा आश्रय घेते, कधी लगेच तर कधी महिन्यांनी.

स्थिरावलेले एंटाक्मिया मधोमध फाटून एकाचे दोन होते. टाकीतच वाढलेला असा अर्धा भाग समुद्रातून पकडून अनेक टप्प्यांच्या प्रवासाने आलेल्या प्राण्यापेक्षा सहज रुजतो, त्यामुळे विकत घेण्यापूर्वी एखाद्या जुन्या पालकाकडे असा भाग मिळतो का याची चौकशी करणे अधिक श्रेयस्कर.