मोरपालन व मोराचे वर्णप्रकार

निळा मोर (पॅव्हो क्रिस्टेटस) हा फॅजिअ‍ॅनिडी कुलातील पक्षी भारतीय उपखंड व श्रीलंका येथील मूळचा असून शोभेसाठी जगभर पाळला जातो. बडोदे परिसरात विश्वामित्री नदीच्या काठची झाडी आणि शहराबाहेरची शेते यांत तो मोकळा वावरतो. शहरात शोभेचे पक्षी बाळगण्याची परंपरा मुख्यतः राजाश्रयाची. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८७९ मध्ये कमाटीबाग (सयाजीबाग) उभी राहिली व तेथे प्राणिसंग्रहालय झाले. शिकवलेल्या पोपटांचे दरबारी खेळही प्रसिद्ध होते.

पिसारा म्हणजे शेपूट नव्हे. शेपटीवरील आच्छादक पिसे वाढून तो बनतो. खरी शेपटी आखूड, तपकिरी असते आणि पिसारा उभारताना त्याला मागून आधार देते. नराला तिसऱ्या-चौथ्या वर्षी पूर्ण पिसारा येतो. विणीचा काळ ओसरला, की साधारणतः श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तो झडतो.

मोराच्या वर्णप्रकारांत सर्वांत वादग्रस्त ठरला तो काळ्या खांद्याचा मोर. नेहमीच्या नराच्या पंखांवर खांद्याजवळ बदामी व काळे पट्टे असतात. याच्या पंखांचा तोच भाग निळसर-हिरव्या झाकेचा काळा असतो. या प्रकारातील लांडोर मात्र फिकट, जवळजवळ मलईच्या रंगाची. हा फरक पाहून इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ स्क्लेटर यांनी १८६० मध्ये त्यास पॅव्हो निग्रिपेनिस ही स्वतंत्र जाती ठरविले. मात्र तिचा रानातील मूलप्रदेश कोणालाच दाखविता आला नाही. डार्विन यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमधील पाळीव कळपांचे दाखले दिले. त्यांत साध्या मोरांच्या संततीत असे पक्षी अचानक उपजले होते आणि दोन कळपांत तर पुढे त्यांनीच मूळ मोरांची जागा घेतली. म्हणून ही जाती नसून पाळीव अवस्थेत उद्भवलेला प्रकार असावा, असे त्यांचे अनुमान. हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. हा गुण अप्रभावी जनुकाचा असल्याचे आता मान्य आहे. दोन्ही पालक दिसायला साधे, पण त्या जनुकाचे वाहक असतील, तर सरासरी चौथा हिस्सा पिल्ले काळ्या खांद्याची निघतात. पांढरा मोर विवर्ण (अल्बिनो) नव्हे: त्याचे डोळे गडद असतात, रंगद्रव्य नसते ते पिसांत.

लांडोर साधारणतः ४ ते ६ अंडी घालते व २८ ते ३० दिवस एकटीच उबवते. अनेक ठिकाणी हे काम खुडूक कोंबडीकडे देतात. ते जपूनच करावे. कोंबडीच्या आतड्यातील हेटेरॅकिस या कृमीच्या अंड्यांतून हिस्टोमोनास हा रोगकारक आदिजीव पसरतो, गांडुळे ती अंडी साठवून ठेवतात आणि दूषित माती दीर्घकाळ धोक्याची राहते. कोंबडीला याचा त्रास सहसा बेताचा, मोराच्या पिल्लांचे यकृत मात्र त्याने निकामी होऊ शकते. कोंबड्यांचा जुना खुराडा असलेल्या जागी मोर ठेवू नयेत, हा नियम काटेकोरपणे पाळण्याजोगा आहे. रात्री बसण्याची दांडी पिसारा जमिनीला घासणार नाही इतकी उंच हवी.

मोर १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी घोषित झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो असल्याने भारतात खाजगी मोरपालनास वाव नाही. आपोआप झडलेल्या पिसांचा देशांतर्गत व्यापार चालतो, निर्यातीस बंदी आहे.