माळ्यावरची पेटी खाली काढताना

शाळेत असताना प्रवेशिका परीक्षेपर्यंत पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकलात. मग नोकरी, संसार, मुलांच्या शाळा. आता वीस-पंचवीस वर्षांनी पेटी माळ्यावरून खाली आली आहे. सांगलीच्या आमच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात असे पुष्कळ जण येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "माझा हातच गेलाय हो." आमचं म्हणणं, आधी पेटी बघू.

गेल्या पावसाळ्यात एक काकू आल्या. मध्यम स्वराची (म ची) पट्टी सोडली तरी सूर वाजतच राहायचा. महिनाभर त्यांना वाटत होतं, आपलंच बोट वेळेवर उचलत नाही. पेटी उघडली तर ओलाव्यानं पट्टी फुगून शेजारच्या पट्टीला घासत होती. अर्ध्या तासाचं काम. ते झाल्यावर तिथंच सतरंजीवर बसून त्यांनी दुर्गा राग वाजवला, चुकतमाकत, पण न थांबता.

घरी एवढं करून बघा. सगळे स्टॉपर (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करा, एकही पट्टी न दाबता भाता मारा. दोनचार वेळा मारल्यावर हाताला अडायला हवा. सहज हलत राहिला तर हवा गळते आहे, आणि गळक्या पेटीवर कुणाचाही दम निघतो. एखादा सूर मुका असेल तर बहुधा कचरा अडकलेला असतो. सुई मात्र घालू नका. सूर लावताना आम्ही आतली सूर देणारी पितळेची जीभ अगदी हलकी खरवडतो, टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाकडे खरवडली की उतरतो. खरवडलेलं पितळ परत येत नाही, म्हणून गरज नसताना सगळी पेटी सुरात लावून घेण्याचा आग्रह आम्ही धरू देत नाही.

आता हाताचं. पहिले आठ दिवस नुसता षड्ज (सा) धरा आणि भाता असा चालवा की सूर लहान-मोठा होणार नाही. परत वाजवायला बसणाऱ्यांचा डावा हात घाईत असतो, खरी अडचण तिथं असते. मग अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरांचे पलटे, ठाय (संथ) लयीत, रोज पंधरा मिनिटं. गाऊन वाजवत असाल तर जुन्या पट्टीचा, म्हणजे पूर्वी ज्या उंचीवर 'सा' धरून गात होतात तिचा, हट्ट सोडा. वयाबरोबर आवाज उतरतो. काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी 'सा' मानून, गाणाऱ्या बाईंना आता काळी तीन सोपी जाईल.

धीर येतो तो मात्र चारचौघांत. एक अभंग पक्का करा आणि गल्लीतल्या भजनी मंडळात मागच्या रांगेत बसा. भजनी ठेका आठ मात्रांचा. चुकलात तरी थांबू नका, पुढची सम (ठेक्याची पहिली मात्रा) गाठा.

सतार-तंबोरा असेल तर आम्ही हात लावत नाही. मिरजेला सतारमेकर गल्लीत न्या. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते काम त्यांचंच.

पेटी आणताना भाता बंद करून कडी लावा, रिक्षात उभी ठेवू नका. खर्च उघडून बघितल्यावरच, तुमच्यासमोर सांगू. क्लासची जुनी वही सापडली तर तीही घेऊन या.