वादळातून जीव वाचतो, त्यानंतर काय? बांगलादेशच्या किनाऱ्याचा अनुभव

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर किमान तीन लाख माणसांचा बळी घेतला. २००७ साली त्याच किनाऱ्यावर सिद्र हे तितकेच भीषण वादळ धडकले, तेव्हा अधिकृत मृतसंख्या सुमारे ३,४०० होती. भरतीची वेळ आणि धडकेचे ठिकाण प्रत्येक वादळात निराळे असते, आणि सिद्रच्या लाटेचा काही जोर सुंदरबनच्या खारफुटीने झेलला, हे खरे आहे. तरीही एवढी मोठी घट केवळ दैवाने होत नाही.

या किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक माणसे मरतात. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ असल्यामुळे वादळाने ढकललेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, ते वर चढते आणि सखल त्रिभुज प्रदेशात आत घुसते. हवामानबदलाने यात भर पडते: समुद्राची पातळी वाढल्यामुळे लाटेची सुरुवातच वरून होते, तापलेले पाणी वादळाला अधिक ऊर्जा पुरवते, आणि तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावत असल्याने पाऊसही जोरदार कोसळतो.

भोलाच्या संहारानंतर १९७२ साली रेड क्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारही त्यात सामील झाले. त्याचे आज ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. त्यांची कामाची रीत साधी आहे: धोका वाढेल तसे खांबावर एक, दोन, तीन झेंडे चढवायचे, कर्णा आणि हाताने फिरवायचा भोंगा घेऊन वस्ती पालथी घालायची, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवारा केंद्रात पोहोचवायचे. सूचना देणारा माणूस गावातलाच, ओळखीचा असतो, आणि माझ्या मते या यशाचे मर्म तेच आहे.

तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक गेले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. बाजारात असलेल्या पुरुषांना इशारा कळला. घरातल्या बाईपर्यंत तो उशिरा पोहोचला, आणि पोहोचला तरी घरधनी येईपर्यंत ती मुलांना घेऊन थांबून राहिली. निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी खोली नव्हती, शौचालयाची सोय नव्हती, आणि गोठ्यातली गाय सोडून जायचे कसे, हाही प्रश्न होताच. हे कळल्यावर स्वयंसेवकांत स्त्रिया आल्या (आज त्या जवळपास निम्म्या आहेत), नव्या निवाऱ्यांत स्वतंत्र खोल्या झाल्या आणि गुरांसाठी जागा ठेवली गेली.

मात्र जीव वाचणे ही सुरक्षिततेची पहिलीच पायरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मानवी सुरक्षेची जी कल्पना मांडली, तिच्यात अन्न, आरोग्य, उपजीविका आणि पर्यावरण यांनाही सैन्य आणि सीमा यांच्याइतकेच महत्त्व होते. मे २००९ च्या आयला वादळाने हे फार कठोरपणे दाखवून दिले. बांगलादेशात त्याने घेतलेले बळी दोनशेच्या आसपास होते, पण खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांत बांध फुटले आणि काही गावांत ते दोन वर्षे बुजवलेच गेले नाहीत. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी शेतात आणि अंगणात येत राहिले. कुटुंबे उरलेल्या बांधावर झोपड्या घालून राहिली, गोड्या पाण्याची तळी खारट झाली, भातशेती बुडाली, आणि कमावते हात खुलना, ढाक्याकडे निघून गेले. खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि गरोदर स्त्रियांचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंधही संशोधकांना आढळला आहे. मृतांच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

ज्या बांधांवर सारी भिस्त आहे, त्यांचीही एक दुखरी बाजू आहे. १९६० च्या दशकापासून उभारलेल्या या बांधांनी खारे पाणी अडवले, पण भरतीबरोबर येणारा गाळही अडवला. गाळ शेतावर न पडता नदीच्या पात्रात साचला, पात्र वर आले, आतली जमीन खचत गेली, आणि पावसाचे पाणी महिनोन्महिने तुंबू लागले. १९९७ साली भायना बिल या भागातल्या (बिल म्हणजे पाणथळ, सखल जमीन) गावकऱ्यांनी स्वतःच बांध कापून भरती आत घेतली. काही वर्षांत गाळ साचून जमीन उंचावली आणि शेजारची हरी नदी खोल झाली. शास्त्रज्ञ आता या पद्धतीचा आवर्जून पुरस्कार करतात.

असे असूनही पुढे इतरत्र या योजनेला अनेक गावांनी विरोध केला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. बिल उघडे असेपर्यंत शेतात पीक निघत नाही. त्या वर्षांची भरपाई जमिनीच्या कागदपत्रांत अडकून पडते, आणि दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणाऱ्या भूमिहीनाजवळ तर दाखवायला कागदच नसतो.