लेसिक आणि पीआरके : रंग-रेषांचं काम करणाऱ्यांनी काय बघून ठरवावं

‘लेझरने नंबर घालवला’ एवढ्यावरून त्या माणसाच्या डोळ्यावर नेमकं काय केलं हे कळत नाही. ते लेसिक असेल किंवा पीआरके. दोन्हींत लेझर एकच, १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर. दोन्हींत तो कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या, मधल्या थरातून मोजके मायक्रॉन उडवतो. वर्षभरानंतर तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, तर दोघांत फारसा फरक सापडत नाही. त्यामुळे पीआरके म्हणजे लेसिकचं जुनं, स्वस्त रूप असा समज पसरला आहे. वयाने ते थोडं मोठं आहे खरं. दिसत्या डोळ्यावर पीआरके पहिल्यांदा झालं १९८८ मध्ये, लेसिक १९९० च्या सुमारास. पण जुनं म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. चित्रकार, मुद्राचित्रकार, मूर्तिकार यांना दोन्ही शस्त्रक्रिया वेगवेगळ्या ठिकाणी नडतात, आणि एका ठिकाणी दोन्ही सारख्याच नडतात. त्या शेवटच्या जागेकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

पापुद्रा उचलायचा की साल काढायची

कॉर्नियाची मध्यभागी जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. त्यातली वरची सुमारे ५० मायक्रॉनची साल सतत नव्याने तयार होत असते. लेझरचं काम असतं त्याखालच्या थरात, आणि तिथे पोहोचायची वाट हाच दोन्हींतला फरक.

लेसिकमध्ये डोळा बधिर करून त्यावर निर्वात पकडीची कडी बसवतात. फेम्टोसेकंद लेझरने (काही ठिकाणी अजून यांत्रिक पात्याने) १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा गोल पापुद्रा कापतात, पण एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवतात. तो उलटून खाली एक्सायमर चालवतात, धुतात आणि परत बसवतात. टाका नसतो.

पीआरकेमध्ये पापुद्रा कापतच नाहीत. २० टक्के अल्कोहोल वीस-तीस सेकंद ठेवून वरची साल सैल करतात आणि काढून टाकतात, किंवा लेझरनेच ती उडवतात. मग एक्सायमर. नंबर मोठा असेल तर व्रणाचा धूसरपणा येऊ नये म्हणून ०.०२ टक्के मायटोमायसिनमध्ये भिजवलेला स्पंज काही सेकंद ठेवून भरपूर धुतात. वर मलमपट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. चार-पाच दिवसांत साल पुन्हा भरून येते, मग ती लेन्स काढतात.

(स्माइल हा तिसरा प्रकार. त्यात आतल्या आत एक चकती कापून दोन-चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. त्याचा विचार इथे केलेला नाही.)

आता हिशोब. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भाग घासायचा तर एका नंबरामागे सुमारे १४-१५ मायक्रॉन जातात. कॉर्निया ५०० मायक्रॉन आणि नंबर उणे ८ असेल तर लेसिकमध्ये पापुद्र्याचे ११० आणि लेझरचे १२० गेले, खाली उरले २७०. पापुद्रा परत बसला तरी पुन्हा मजबुतीला हातभार लावत नाही, म्हणून तो उरलेल्यांत धरत नाहीत. किमान २५० हवेत असा जुना नियम आहे, आणि बरेच सर्जन २८० ते ३०० च्या खाली जात नाहीत. कमी उरलं तर आतल्या दाबाने कॉर्निया काही वर्षांत पुढे फुगू शकतो आणि प्रतिमा वेडीवाकडी दिसते. हे चष्म्याने सुटत नाही. त्याच डोळ्यात पीआरके केलं तर सालीचे ५० आणि लेझरचे १२० वजा जाऊन ३३० उरतात. एवढ्या मोठ्या नंबराला पीआरकेचेही स्वतःचे धोके आहेत, पण पातळ कॉर्नियाला ते का सुचवतात हे यातून कळेल.

ऊतक वाचवण्यासाठी कधी घासायचा भाग सहा मिलिमीटरवर आणतात. मग एका नंबरामागे १२ मायक्रॉन पुरतात. कलाकाराने इथे थांबून विचारावं: माझी बाहुली अंधारात किती मोठी होते? ती सात मिलिमीटर होत असेल आणि दुरुस्त भाग सहाच असेल, तर संध्याकाळी कडेचा न घासलेला भागही प्रतिमेत मिसळतो. दिव्यांभोवती वलयं दिसतात, गडद रंगांवर पातळ पांढरट झिलई चढल्यासारखी वाटते. रंगमंचाची प्रकाशयोजना करणाऱ्याला किंवा रात्री छायाचित्रं काढणाऱ्याला हा त्रास रोजचा होईल. आमच्या मते ‘सिक्स बाय सिक्स होईल का’ यापेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तक्त्यावरची अक्षरं पांढऱ्यावर काळी असतात. ढगातल्या दोन शेजारच्या राखाडी छटा वेगळ्या दिसतात की नाही हे तो तक्ता सांगत नाही. कमी उजेडातली ही फरक ओळखण्याची ताकद दोन्ही शस्त्रक्रियांनंतर पहिले काही महिने उतरू शकते.

पहिले तीन महिने

लेसिकनंतर त्या दिवशी जळजळ आणि पाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ स्वच्छ दिसतं. आठवड्या-दोन आठवड्यांत बारीक काम सुरू करता येतं. खरी अडचण कोरडेपणाची. पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्या परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर अश्रू कमी, आणि डोळा कोरडा पडल्याची जाणीवही बोथट. रेखाटनात गुंग झालेला माणूस एरवीही पापण्या कमी मिटतो. वर पंखा थेट चेहऱ्यावर असेल तर तासाभरात रेघ फुटल्यासारखी दिसू लागते. पाणी कमी म्हणून पृष्ठभाग खडबडीत होतो, नंबर परत आलेला नसतो. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब काम सुरू करण्याआधीच घालावेत, त्रास होण्याची वाट पाहू नये. आधीपासून डोळे कोरडे असतील तर पारडं पीआरकेकडे झुकतं.

पीआरकेचे पहिले तीन दिवस दुखतात; डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही. साल चारही बाजूंनी मध्याकडे सरकत येते आणि जिथे मिळते तिथे काही दिवस उंचवटा राहतो, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी आधीपेक्षा वाईट दिसलं तर घाबरू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत रोजचे व्यवहार होतात, कडा तीक्ष्ण व्हायला एक ते तीन महिने लागतात, कधी सहा. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत काही आठवडे ते तीन महिने चालतात. त्यांनी काहींचा डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढलेला कळत नाही, म्हणून मधल्या तपासण्या चुकवू नयेत. कडक ऊन लागलं तर धूसरपणाचा धोका वाढतो. कोकणात, गोव्यात बाहेर बसून निसर्गचित्रं रंगवणाऱ्याने अतिनील किरण अडवणारा गॉगल आणि रुंद काठाची टोपी काही महिने सोडू नये. गॉगल राखाडी काचेचा घ्यावा. तपकिरी काच रंगांचा तोल बदलते.

प्रदर्शन ठरलेलं असेल तर लेसिकसाठी मागे किमान एक महिना आणि पीआरकेसाठी तीन महिने मोकळे ठेवावेत. पेणच्या कारखान्यात गणपतीची आखणी करणाऱ्याला ज्येष्ठ-आषाढात शस्त्रक्रिया परवडणारच नाही. दिवाळीनंतरचा काळ त्याला बरा.

धूळ, वाफ आणि छिन्नी

पापुद्रा कडेने भरून येतो, पण आतून पूर्वीसारखा चिकटत नाही. बऱ्याच वर्षांनीही डोळ्यावर जोराचा आघात झाला तर तो सरकल्याची उदाहरणं आहेत. दगड किंवा लाकूड कोरणाऱ्याला कपची उडण्याचा धोका रोजचा असतो, त्याने पीआरके निवडणं शहाणपणाचं. पूर्वी चष्मा आपोआप ढालीचं काम करत होता, हेही विसरू नये. लेझरनंतर बिननंबरी सुरक्षा-चष्मा लावावाच लागेल.

शाडूची किंवा प्लास्टरची धूळ, कोळशाची आणि पेस्टलची पूड, स्प्रेगनचा फवारा यांपासून दोन्हींनंतर किमान दोन-तीन आठवडे लांब राहावं. पीआरकेत साल भरेपर्यंत जखम उघडी असते, म्हणून पहिला आठवडा स्टुडिओत पाऊलही नको. लेसिकमध्ये कण पापुद्र्याखाली अडकू शकतात आणि डोळा चोळला तर पापुद्र्याला सुरकुती पडते, म्हणून रात्री प्लास्टिकची ढाल लावून झोपायला सांगतात. टर्पेंटाइनच्या वाफेने कोरडा डोळा जास्त चुरचुरतो. झाकणाची बाटली आणि उघडी खिडकी एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दोन्हींत सारखंच हरवतं ते

उणे नंबराचा माणूस चष्मा काढून किती अंतरावर स्पष्ट बघतो हे काढायला शंभराला नंबराने भागावं. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. उणे ४ ला २५, उणे २.५ ला ४०, उणे १.५ ला ६६. म्हणजे उणे ५ वाल्याला उघड्या डोळ्याने २० सेंटिमीटरवरचं काहीही ताण न पडता दिसतं, आणि ४० सेंटिमीटरच्या तुलनेत दुप्पट मोठं दिसतं. लघुचित्रं रंगवणारे, तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे, मूर्तीच्या पापणीची रेघ ओढणारे कित्येकजण नकळत चष्मा कपाळावर सरकवून हेच करतात. लेझर हे अंगभूत भिंग काढून घेतो. पंचविशीत डोळ्यातलं भिंग स्वतः फुगून ते अंतर भरून काढतं, फक्त संध्याकाळी डोकं जड होतं. चाळिशी जवळ आली की तेही जमत नाही. पंचेचाळिशीला वाचायला अधिक १ ते १.५ आणि पन्नाशीला अधिक २ च्या आसपासचा चष्मा लागतोच. लेझरने चाळिशी टळत नाही. उलट उणे नंबरवाल्याला ती पहिल्यांदाच जाणवू लागते.

यावर एक उपाय सुचवतात: एक डोळा दूरसाठी, दुसऱ्यात उणे १.५ शिल्लक. इझलपासून हातभर अंतराला, म्हणजे ६५-७० सेंटिमीटरला, तो नंबर बरोबर जुळतो. पण दोन डोळ्यांतला फरक खोलीचा अंदाज कमी करतो. शिल्पकाराने तो आंधळेपणाने स्वीकारू नये. आधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स लावून हीच व्यवस्था स्टुडिओत करून बघावी. शस्त्रक्रियेनंतर तो निर्णय फिरवणं सोपं नसतं.

आणखी एक सवय जाते. तपशील पुसून फक्त छायाप्रकाशाचे मोठे आकार बघायला चित्रकार डोळे बारीक करतात. नंबरवाले सरळ चष्मा काढतात, कारण त्यात उजेड कमी न होता कडा विरघळतात. लेझरनंतर हे साधन राहत नाही. रस्त्यावर मिळणारा अधिक २ चा वाचायचा चष्मा खिशात ठेवला आणि समोरच्या दृश्याकडे त्यातून पाहिलं की जवळपास तोच परिणाम मिळतो.

उणे ६ चा चष्मा जग सुमारे सात टक्के लहान दाखवतो. तो गेला की सगळं मोठं आणि जवळ वाटतं. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर उभ्या-आडव्या प्रमाणातही फरक जाणवतो. काही दिवस ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन प्रमाणं तपासावीत.

रंगांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. कॉर्नियाला रंग नसतो, त्यामुळे या दोन्हींनी रंग बदलत नाहीत. रंग बदलतो तो मोतीबिंदू काढल्यावर, कारण पिवळं पडलेलं आतलं भिंग जातं. क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली आणि पुढे रंग बदलल्याच्या तक्रारीवर त्यांना रंगीत काचांचे चष्मे लावावे लागले. त्या शस्त्रक्रियेचा आणि चष्म्याच्या नंबराच्या लेझरचा संबंध नाही.

तपासणीला जाण्याआधी

नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, बदल अर्ध्याहून जास्त नको. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद, नाहीतर कॉर्नियाचा आकार खोटा मोजला जातो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा थांबावं. ॲलर्जीने डोळे सतत चोळायची सवय असेल तर आधी ती आवरावी. कॉर्नियाच्या नकाशात शंकूसारखा फुगवटा निघाला तर दोन्ही शस्त्रक्रिया नकोत. नकाशाची प्रत, जाडी, अंधारातला बाहुलीचा व्यास आणि खाली किती मायक्रॉन उरणार हे आकडे लिहून मागावेत.

कामाचं अंतर टेपने मोजून नेलं पाहिजे: कागद ते डोळा, इझल ते डोळा, बारीक कामाचं भिंग ते डोळा. आणि घरी एक पट्टी रंगवून ठेवावी, पांढऱ्यापासून सुरू होणाऱ्या एकमेकींच्या अगदी जवळच्या नऊ फिक्या राखाडी छटांची. शस्त्रक्रियेआधी चष्मा लावून, संध्याकाळी ठरावीक दिव्याखाली, ठरावीक अंतरावरून किती छटा वेगळ्या दिसतात ते तारखेसह पट्टीच्या मागे लिहावं. मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजावं, आणि आकडा खाली गेला तर तक्त्यावर सिक्स बाय सिक्स असलं तरी ती पट्टी डॉक्टरांपुढे ठेवावी.