स्टँडबाय वीजवापर

विद्युत उपकरण बंद असताना किंवा मुख्य काम करत नसतानाही, केवळ पुरवठ्याला जोडलेले असल्यामुळे जी वीज घेते ती. प्लग सॉकेटमधून काढला की हा वापर पूर्ण थांबतो.

याचा उगम सहसा रिमोट कंट्रोलशी जोडला जातो. मात्र साधारणतः १९६०च्या दशकात काही दूरचित्रवाणी संचांत चित्र लगेच उमटावे म्हणून निर्वात नलिकांचे तंतू संच बंद असतानाही तापते ठेवत. आरंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या, वजनदार अडॅप्टरमधील रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्यातून, पुढे काहीही जोडलेले नसले तरी चुंबकन प्रवाह वाहतो आणि गाभ्यात ऊर्जेचा ऱ्हास होतो. असा अडॅप्टर हाताला कोमट लागतो तो यामुळेच. स्विच-मोड पद्धतीच्या हलक्या चार्जरमध्ये हा ऱ्हास फार कमी, चांगल्या चार्जरमध्ये ०.१ वॅटहूनही कमी असतो. त्यामुळे मोबाइलच्या रिकाम्या चार्जरबद्दल जितके बोलले जाते तितकी बचत तेथे नाही. खरी बचत सेट-टॉप बॉक्ससारख्या उपकरणांत आहे. त्यांपैकी काही ‘बंद’ असतानाही १० वॅट किंवा अधिक घेतात. सतत १ वॅट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट.

विकसित देशांतील घरगुती वापरात स्टँडबायचा वाटा ५ ते १० टक्के असल्याचे अंदाज २०००च्या सुमारास मांडले गेले. ते नंतरच्या निर्बंधांपूर्वीचे असल्याने जपूनच वापरावेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९मध्ये १ वॅटची मर्यादा सुचवली. युरोपीय संघाच्या २००८च्या नियमाने ती २०१०पासून लागू झाली व २०१३पासून ०.५ वॅटवर आली (माहिती दर्शवणाऱ्या पडद्याच्या उपकरणांना त्या नियमात दुप्पट मर्यादा होती). मोजणीचे मानक आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६२३०१ हे आहे.

सुरक्षिततेची बाजू वेगळी आहे. इस्त्री किंवा हीटर स्टँडबायमध्ये जवळपास काहीच वीज घेत नाही. तेथे प्लग काढायचा तो चुकून सुरू राहण्याचा धोका टाळण्यासाठी. एकध्रुवी बटण एकच तार तोडते. जोडणी उलटी असून बटण न्यूट्रलवर आले असेल, तर बटण बंद असूनही उपकरणाच्या आत विद्युतदाब राहतो. वीज कडाडताना उसळणारा दाब बटणाची फट ओलांडू शकतो, म्हणून प्लग वादळ येण्याआधीच काढावा. आधी बटण बंद करावे, मग प्लगलाच धरून ओढावे, वायरला नव्हे. सॉकेटची पकड सैल झाली की रोध वाढून तेथेच उष्णता निर्माण होते. असे सॉकेट बदलावे. शीतकपाट आणि वैद्यकीय उपकरणे या प्रघातातून वगळावीत.