रहस्यपटातल्या काळोखाची पार्श्वभूमी

जुना कृष्णधवल रहस्यपट पाहताना जीव टांगणीला लागतो, तो जे दिसत नाही त्यामुळे. जिन्याखालचा कोपरा, दाराआडची हालचाल, अर्धाच उजळलेला चेहरा. हा काळोख पडद्यावर आणण्याची विद्या हळूहळू घडत गेली, आणि तिचा एक धागा थेट कोल्हापुरात आहे.

बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये अंधूक प्रकाशातली उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं, एवढ्यावर त्यांनी प्रसंग उभा केला. मूकपटात ते रडणं ऐकू येत नाही, दिसतं. हा रहस्यपट नव्हे, शेतकऱ्याच्या कर्जाची कथा. पण उजेड काढून घेऊन प्रेक्षकाला अस्वस्थ करायचं, हे पुढच्या रहस्यपटांचं मुख्य हत्यार इथे स्वच्छ दिसतं.

त्या काळी अडचण फिल्मचीच होती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. ओठ काळे पडत, निळं आकाश पांढरंफटक येई. पुढे लालसकट सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली. बोलपट आले तेव्हा कार्बन आर्क दिव्यांची घरघर माइकमध्ये शिरू लागली, म्हणून टंगस्टनचे दिवे आले. त्यांचा प्रकाश तांबूस. तो टिपायला ही नवी फिल्मच हवी होती. कोल्हापुरात तयार झालेला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) याच बदलाच्या काळातला.

रहस्यपटाची प्रकाशयोजना म्हणजे नुसते दिवे कमी करणं नव्हे. की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, एका बाजूने जोरात; सावली उजळणारा फिल लाइट अगदी थोडा. उजळ बाजूवर सावलीच्या बाजूपेक्षा साधारण आठपट प्रकाश. फिल पुरता काढला तर डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसतात आणि अभिनय वाया जातो. मागून बॅक लाइटची बारीक कड हवीच, नाहीतर काळे केस काळ्या भिंतीत विरघळून जातात. फ्रेम थांबवून केसांची कड पाहावी, दिवा कुठे लावला होता ते कळतं.

हिंदी ‘महल’ (१९४९) कॅमेऱ्यात टिपणारे योझेफ विर्शिंग जर्मनीहून आलेले. तिकडच्या मूकपटांतला सावल्यांचा वारसा ‘महल’मध्ये जाणवतो. मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आजही पकड सोडत नाही. त्यावरून निघालेला हिंदी ‘मेरा साया’ (१९६६) रंगीत आहे. दोन्ही लागोपाठ पाहिले की रंगाने काय दिलं आणि काय नेलं ते समजतं.

आज असा चित्रपट बिघडतो तो टीव्हीच्या सेटिंगमध्ये. रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड बंद करून सिनेमा मोड लावा. मधल्या फ्रेम स्वतःच भरणारं मोशन स्मूदिंग बंद करा, कारण चित्रण सेकंदाला २४ फ्रेमचं आहे. सगळ्यात गडद प्रसंगावर थांबून ब्राइटनेस लावा: काळ्या कोटाच्या चुण्या जेमतेम दिसल्या पाहिजेत. कोटाचं नुसतं काळं डबकं झालं तर ब्राइटनेस कमी आहे, भिंत राखाडी झाली तर जास्त. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. त्या काळचे बहुतेक चित्रपट १.३७:१ मापाचे, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट; ताणले की चेहरे रुंद होतात, आणि झूम केलं तर वरची-खालची चौकट कापली जाते. कधी कधी नेमका दाराचा कडीकोयंडाच.