शेंड्यावर बसलेला पाळीव पक्षी खाली का उतरत नाही?

समोरच्या उंच झाडाच्या शेंड्यावर एक निळा बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट, बसला होता आणि खोडाशी सात-आठ माणसे माना वर करून उभी होती. खिडकीची जाळी पुसण्यासाठी काढली असताना तो घरातून निसटला होता. एकाने पिंजरा डोक्यावर धरला होता, दुसरा शीळ घालत होता, आणि तिसऱ्याने "त्याला आता मोकळ्या हवेची चटक लागली, तो कशाला येतोय?" असा निकालच देऊन टाकला होता. मी दुर्बिणीतून पाहत होतो. पिसे अंगाशी घट्ट आवळलेला तो पक्षी एका डोळ्याने खाली पाही, पायांवरचा भार बदली, पुढे झुके, पंख अर्धे उघडी आणि पुन्हा मिटून घेई. पंधरा मिनिटांत त्याने हे नऊ वेळा केले. ज्याला यायचेच नाही, तो निघण्याची तयारी इतक्या वेळा करत नाही.

उडून गेलेल्या पाळीव पक्ष्याला आपण फार लवकर कृतघ्न ठरवतो. वस्तुतः बहुतेक वेळा तो पळालेला नसतो, तर दचकलेला असतो. दचकल्यावर उडणे ही त्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि उडाल्यावर जे घडते ते पदार्थविज्ञानाच्या हाती असते.

बजरीगर (ज्याला पुष्कळ जण चुकून लव्हबर्ड म्हणतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा ऑस्ट्रेलियातला) वजनाने जेमतेम ३० ते ४० ग्रॅम भरतो. व्हान्स टकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने बजरीगरांना वायुबोगद्यात उडवून, त्यांच्या तोंडावर छोटे मुखवटे बसवून, वेगवेगळ्या वेगांना ते किती प्राणवायू वापरतात हे मोजले आणि १९६८ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने उडताना या पक्ष्याला सर्वांत कमी ऊर्जा लागते. त्याहून जोरात उडाले तर खर्च वाढतो, हे कोणालाही पटेल; पण त्याहून सावकाश उडाले तरीही तो वाढतो. कारण सावकाश उडताना पंखांवरून पुरेशी हवा वाहत नाही, म्हणून हवेत टिकून राहण्यासाठी तीच थोडी हवा अधिक जोराने खाली ढकलावी लागते. याउलट वेग फार वाढला की शरीराला होणारा हवेचा रोध वाढत जातो. वेग आणि खर्च यांचा आलेख त्यामुळे इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसतो. कॉकटील या दुसऱ्या पाळीव पोपटांवर पुढे झालेल्या प्रयोगांतही असाच आलेख मिळाला.

आता हा आलेख घरात आणून पाहा. चार मीटरांच्या खोलीत पक्ष्याला ताशी ३५ किलोमीटरचा वेग गाठताच येत नाही. तो आयुष्यभर आलेखाच्या महागड्या, संथ टोकावर उडत असतो आणि दोन फेऱ्यांत दमून पडद्याच्या दांडीवर बसतो. आपण समजतो की याला फारसे उडता येत नाही. बाहेर पडताच तोच पक्षी आलेखाच्या स्वस्त तळाशी उतरतो, आणि त्या वेगाने एका मिनिटात जवळजवळ ५८० मीटर पार होतात. पंख थोडे कातरले आहेत म्हणून जाळी उघडी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: कातरलेली पिसे पीसझडीनंतर पुन्हा उगवतात, आणि कातरलेल्या पंखांवर भरवसा ठेवण्याची चूक बहुधा त्याच सुमारास होते.

जाणे असे सोपे असते. उतरणे मात्र कौशल्याचे काम आहे. बारा मीटर उंचीवर बसलेल्या पक्ष्यापाशी स्थितिज ऊर्जा असते. आपण दीड मीटर उंचीवर हात धरला, म्हणजे त्याला साडेदहा मीटर खाली यायचे आहे. ही सगळी ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलली, तर तो आपल्या हातावर ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने आदळेल. तसे होऊ नये म्हणून ती ऊर्जा वाटेतच हवेत उधळून टाकावी लागते.

किती उधळावी लागते, हे उतार किती तीव्र आहे त्यावर ठरते. ठरावीक वेगाने उतरायचे असेल, तर वजनाचा उताराच्या दिशेने ओढणारा घटक हवेच्या रोधाने पूर्णपणे तोलला गेला पाहिजे. हा घटक म्हणजे वजन गुणिले उताराच्या कोनाची ज्या (साइन). आपण खोडापासून पाच मीटरांवर उभे असलो, तर तो कोन सुमारे ६५ अंश येतो आणि पक्ष्याला स्वतःच्या वजनाच्या ९० टक्के एवढा रोध निर्माण करावा लागतो. म्हणजे शरीर जवळजवळ उभे धरायचे, शेपटी पंख्यासारखी पसरायची आणि पंखांनी पुढच्या दिशेने झापड मारत स्वतःलाच मागे रेटायचे. आपण चाळीस मीटर मागे सरलो, तर कोन १५ अंशांच्या आसपास येतो आणि हाच आकडा २५ टक्क्यांवर उतरतो. ज्यांना त्रिकोणमिती नकोशी वाटते त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की झाडाखाली उभे राहणे ही पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची जागा आहे. रानातले पक्षी अशा वेळी फांदीवरून खालच्या फांदीवर येतात किंवा मोठे वळसे घेत उतरतात, आणि हे ते पिल्लू असल्यापासून पडत-धडपडत शिकलेले असतात. कपाटावरून टेबलावर येण्यापलीकडे ज्याला कधी उतरावे लागले नाही, तो शेंड्यावर नऊ वेळा झुकून नऊ वेळा थांबतो, यात नवल नाही.

कबुतरे शेकडो किलोमीटरांवरून घरी येतात, मग हा का येत नाही, असेही विचारले जाते. शर्यतीच्या कबुतरांना वाढत्या अंतरांवरून सोडून सराव दिलेला असतो. आपल्या पक्ष्याने मात्र स्वतःचे घर बाहेरून कधी पाहिलेलेच नसते. त्याला घराची ओळख आवाजाने पटते. पोपटवर्गातले पक्षी एकमेकांशी संपर्क राखण्यासाठी खास हाक वापरतात. बजरीगर एकत्र ठेवले की काही आठवड्यांत त्यांच्या हाका एकमेकींसारख्या होत जातात. व्हेनेझुएलातल्या एका लहान पोपटाच्या पिल्लांना तर त्यांच्या वेगवेगळ्या हाका आईवडिलांकडून मिळतात, असे कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले. म्हणून घाबऱ्या आवाजात नाव ओरडण्यापेक्षा घरात रोज घालतो ती शीळ, त्याच सुरात, थांबून थांबून घालावी. घरात त्याचा जोडीदार असेल, तर त्याला बंद पिंजऱ्यात बाहेर आणणे सर्वांत उत्तम.

पक्षी उडाला म्हणजे घरावर अरिष्ट येणार, असे सांगणारेही या गर्दीत भेटतात. खिडकीची जाळी काढणे हे पुरेसे कारण असताना ग्रहांना कामाला लावण्याची गरज नाही. दुसऱ्या टोकाला पक्ष्याचा ठावठिकाणा कळवणाऱ्या 'लाइव्ह ट्रॅकर'च्या जाहिराती आहेत. पक्ष्याच्या अंगावर त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जड वस्तू बांधू नये, असा संशोधकांचा संकेत आहे. ३५ ग्रॅमच्या बजरीगरासाठी ती मर्यादा पावणेदोन ग्रॅमच्या आतच राहते. बॅटरी, अँटेना आणि सिमकार्ड तेवढ्यात बसवून दाखवावे. राहिला 'सुटला बिचारा' हा दिलासा. लंडनमध्ये पिंजऱ्यांतून सुटलेल्या हिरव्या पोपटांचे थवे स्थिरावले आहेत हे खरे, पण भरलेली वाटीच माहीत असलेल्या एकट्या बजरीगराला त्यावरून सोडून देता येत नाही.

संध्याकाळी तो कोणत्या फांदीवर स्थिरावतो, ते पाहून ठेवावे आणि रात्री त्याला अजिबात हलवू नये, कारण अंधारात उडालेला पक्षी आंधळेपणाने कुठेही आपटतो. सूर्योदयाआधी तिथे पोहोचावे. तोवर तो भुकेलेला असतो, शिवाय हवाही आपल्या बाजूची असते. दुपारी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा तापलेली असल्याने आवाज वर वळतो आणि दूरवर पोहोचत नाही. निरभ्र, शांत पहाटे थंड थर खाली असतो, आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो, त्यामुळे आपली शीळ त्याला आणि त्याची हाक आपल्याला लांबून ऐकू येते.

त्या निळ्या बजरीगरासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. ती शेंड्याच्या जवळपास बरोबरीची होती. जोडीदाराचा पिंजरा कठड्याशी ठेवला, वर राळ्याचे कणीस अडकवले आणि मागे सरून बसलो. आतल्या मादीने हाक दिली, झाडातून उत्तर आले, आणि तिसऱ्या हाकेला तो सरळ रेषेत येऊन पिंजऱ्याच्या छपरावर उतरला. तिथून हातात यायला त्याने आणखी वीस मिनिटे घेतली, कारण आधी त्याला ते कणीस संपवायचे होते.